वीर्याचं सॅम्पल देताय? या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की नवरा-बायको दोघांचे डोळे आधी 'काउंट'वर, म्हणजे एका मिलिलिटरमधल्या शुक्राणूंच्या आकड्यावर जातात. इंदुरात 22 वर्षं लॅबमध्ये हेच बघतोय. वीर्यात शुक्राणू असतात जेमतेम 2 ते 5 टक्के. बाकी सगळा द्रव, आणि शुक्राणू जगतात ते त्या द्रवाच्या जिवावर. तो सांडला, गारठला किंवा त्यात काही मिसळलं, तर काउंटचा आकडा खोटा ठरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिले थेंब डबीबाहेर जाणं. वीर्य एकदम, एकसारखं येत नाही. आधी मूत्रमार्गालगतच्या छोट्या काऊपर ग्रंथींचा चिकट थेंब येतो आणि मूत्रमार्गातली लघवीची आम्लता घालवतो. मग प्रोस्टेट ग्रंथीचा जस्तयुक्त स्राव, आणि बहुतेक शुक्राणू त्याच्याबरोबरच बाहेर पडतात. शुक्राशयांचा, म्हणजे प्रोस्टेटमागच्या दोन ग्रंथींचा दाट, फ्रुक्टोज नावाची साखर असलेला द्रव त्यानंतरचा. तो मापाने सर्वांत जास्त, दोनतृतीयांशाच्या आसपास. म्हणजे सुरुवात सांडली तर डबी बऱ्यापैकी भरलेली दिसते आणि शुक्राणू मात्र गेलेले असतात.

देवासहून एक तरुण आला होता. लग्नाला चार वर्षं झालेली, सोबत आई. काउंट आला मिलिलिटरला 50 लाख. निदान 1 कोटी 60 लाख तरी असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2021ची पुस्तिका सांगते. घरात रडारड झाली, कोणा वैद्याची 'धातुपुष्टी'ची पुडी सुरू झाली. दोन महिन्यांनी तो एकटाच आला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, झाकण उघडेपर्यंत पहिलं बाहेरच पडलं होतं. आईसमोर कसं सांगणार?" दुसरं सॅम्पल नीट घेतलं, 4 कोटी 80 लाख. त्या घराचे दोन महिने एका न विचारलेल्या प्रश्नापायी गेले. तेव्हापासून डबी हातात घेताना मी प्रत्येकाला बाजूला नेऊन विचारतो, "काही सांडलं का?" सांडलं असेल तर सांगा. त्यात लाज कसली? दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्या.

थुंकी, खोबरेल, साबण, साधा कंडोम : चारही नकोत. शुक्राणूंना अपाय होऊ शकतो.

"पंधरा दिवस साठवलं, आता काउंट चांगला येईल" असं म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. दोन ते सात दिवसांचा संयम पुरतो. त्यापुढे जुने, मेलेले शुक्राणूच वाढतात.

घरून आणायचं असेल तर तासाच्या आत, डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. जानेवारीत सकाळी महूहून दुचाकीच्या डिकीत आणलेली डबी मी परत करतो. घाई करणाऱ्यांना राग येतो, पण गारठलेल्या शुक्राणूंची हालचाल मोजून मी काय लिहू?

गोळा दिसला म्हणून पाणी घालून हलवणारेही आहेत. तसं कधीच करू नका. शुक्राशयांतली प्रथिनं वीर्य आधी घट्ट करतात, मग प्रोस्टेटमधलं एन्झाइम ते साधारण 15 ते 30 मिनिटांत सैल करतं. पाण्याने शुक्राणू फुगतात आणि मरतात.

आता मला सर्वांत जास्त खुपणारी चूक. काउंट शून्य आला की लोक बाकीचा रिपोर्ट वाचतच नाहीत आणि ताकदीची औषधं शोधत सुटतात. एकूण माप बघा, 1.4 मिलिलिटरहून कमी आहे का. पीएच, म्हणजे आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा बघा. वीर्य थोडं अल्कधर्मी, 7.2 किंवा जास्त असतं, कारण योनीतल्या आम्लापासून शुक्राणूंना तेच वाचवतं. फ्रुक्टोजही बघा. सॅम्पल पूर्ण असूनही माप कमी, पीएच आम्लाकडे आणि फ्रुक्टोज नाही, हे तिन्ही एकत्र आलं तर शुक्राशयांचा द्रव बाहेर पोचतच नाही. वीर्य बाहेर आणणारी नळी बंद असेल किंवा जन्मतःच नसेल. अशा माणसाच्या वृषणात शुक्राणू तयार होत असू शकतात. तिथे पुडी काय करणार? त्याला मूत्ररोगतज्ज्ञ हवा, आणि त्यांच्याकडे जाताना फक्त काउंटचा आकडा नाही, रिपोर्टचं पूर्ण पान न्या. फ्रुक्टोजची ओळ नसेल तर लॅबमध्ये मागा.