"बाई, झालं! आता काय करू?" : वर्गाची घडी बसवताना या चुका टाळा

पुण्यातल्या आमच्या शाळेत यंदा एक नवीन बाई आल्या. तिसरीचा वर्ग मिळाला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये डबा उघडायच्या आधीच म्हणाल्या, "मुलं ऐकतच नाहीत हो. घसा बसला माझा." मी त्यांना एकच काम सांगितलं. मूल टेबलाशी आलं की टाचणवहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारायची, बाकी काही बदलायचं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी वही दाखवली. पन्नासच्या पुढे मोजणं सोडून दिलं होतं. "समास आखू का?", "निळ्या पेननं लिहू की काळ्या?", "टोक मोडलं", "पान संपलं, मागे लिहू?", "शूला जाऊ?" आणि सगळ्यांत जास्त वेळा, "बाई, झालं! आता काय करू?"

म्हणजे मुलं ऐकत होतीच, जरा जास्तच ऐकत होती. विचारल्याशिवाय पान उलटत नव्हती. वर्गातल्या बारीकसारीक प्रत्येक कामाचा रस्ता बाईंच्या टेबलावरून जात असेल, तर तिथे संध्याकाळच्या लक्ष्मी रोडसारखी कोंडी होणारच. मीही पहिली पाच-सहा वर्षं हेच केलं, आणि त्यालाच 'वर्ग माझ्या हातात आहे' असं समजत होते.

टोक, शू आणि 'झालं'

या तीन गोष्टी आधी टेबलावरून हटवा. माझ्या वर्गात शार्पनर दाराजवळच्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला असतो, खाली कचऱ्याला एक डबा. शेजारी बरणीत पाच-सहा टोक केलेल्या पेन्सिली. घाई असेल तर आपली मोडकी ठेवायची, टोकाची घ्यायची. विचारायचं नाही.

शौचालयासाठी पुठ्ठ्याचे दोन बिल्ले केलेत, एक मुलींचा, एक मुलांचा, दाराच्या खिळ्याला लटकवलेले. बिल्ला खिळ्यावर असेल तर गळ्यात घालून जायचं आणि परत आणून लावायचं. मुलं गैरफायदा घेतात का? घेतात की. पहिला आठवडाभर बिल्ल्याला विश्रांती नसते. मग नवलाई ओसरते. "मधल्या सुट्टीत का नाही गेलास?" असं दरडावून थांबवणं मात्र सोडा. ज्या वर्गात जाऊ देत नाहीत, त्या वर्गातली मुलं, विशेषतः मुली, पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी भरलेल्या बाटल्या घरी जातात आणि आईला वाटतं, पोरगी हट्टी आहे.

'झालं'चा उपाय फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे चौकट आखून रोज दोन कामं लिहायची. दोनच. वाचनपेटीतलं पुस्तक काढून वाचणं हे एक कायमचं, दुसरं बदलतं. इथे एक चूक हमखास होते. लवकर आटोपणाऱ्याला आपण आणखी पाच गणितं घालतो. मूल हुशार असतं, चार दिवसांत ते सावकाश काम करायला शिकतं.

वह्यांची रांग

माझ्या पटावर ४२ मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातलंय, पण पेठेतल्या जुन्या शाळेत बाकावर तिसरं मूल बसवायचीही सवय असते. तर ४२ वह्या, एका वहीला एक मिनिट धरलं तरी ४२ मिनिटं. तास ३५ मिनिटांचा. म्हणजे "लिहून झालं की वही दाखवायला या" हे वाक्य उच्चारलं त्याच क्षणी तो तास बुडाला. शिवाय रांगेतलं दहावं मूल नऊ मिनिटं काय करणार? पुढच्याच्या कॉलरमध्ये खडूचा तुकडा टाकणार. मग आपण त्याला ओरडणार.

मी रांग बंद केली. लिहिणं चालू असताना हातात लाल पेन घेऊन मीच बाकांमधून फिरते, वाकून दोन-तीन ओळी बघते, खूण करते. सविस्तर तपासायला रोज एकाच रांगेच्या वह्या घेते. वह्या गोळा करण्याचीही रीत आहे. शेवटच्या बाकावरून सुरुवात, तपासायच्या पानावर उघडी वही पुढच्याच्या वहीवर, तसंच पुढे. पहिल्या बाकावर गठ्ठा तयार. उघडी वही हा यातला कळीचा मुद्दा. पान शोधण्यात जाणारा वेळ धरलात, तर बंद वह्यांचा गठ्ठा जवळजवळ दुप्पट वेळ खातो.

नियमांचा तक्ता लावला, तालीम घेतली नाही

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात आपल्यासारख्यांची झुंबड असते. कार्डशीट, चमकी कागद, स्केचपेन. आणि मग 'आमच्या वर्गाचे नियम' म्हणून पंधरा ओळी: शिस्त पाळा, वर्ग स्वच्छ ठेवा, शांतता राखा. 'शिस्त पाळा' म्हणजे हातापायांनी नेमकं काय करायचं, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला कसं कळावं?

गॅदरिंगच्या चार मिनिटांच्या नाचाची आपण पंधरा दिवस तालीम घेतो. वह्या गोळा करणं वर्षभर रोज आहे, त्याची एकदाही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पाचच गोष्टी पक्क्या करा: वर्गात येणं, वह्या देणं-घेणं, खुणेला थांबणं, मधल्या सुट्टीनंतर बसणं, घरी जाताना बाक आवरणं. करून दाखवायचं, दोन मुलांकडून करून घ्यायचं, मग सगळ्यांकडून. बिघडलं तर न रागावता, "चला, परत एकदा." शिकवायचं मागे पडेल ही भीती खरी आहे, पण हिशोब करून बघा. पहिली ते पाचवीसाठी कायद्यात वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला चार तास. गोंधळात रोज दहा मिनिटं गेली तर वर्षाची २००० मिनिटं होतात. आठ दिवसांची शाळा गेली.

थांबण्याची खूण एकच ठेवा. टाळी, घंटी, 'एक-दोन-तीन', काहीही चालेल. खूण केल्यावर आपणच बोलत राहणं ही चूक मी अजूनही करते.

भिंती

सजवलेला वर्ग पाहुण्यांना आवडतो. २०१४ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गाच्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा पाठ शिकवले, काही भरगच्च सजवलेल्या खोलीत, काही जवळजवळ मोकळ्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि ती शिकलीही कमी. प्रयोग छोटा आहे, त्यावरून सगळे तक्ते फाडायला नकोत. मी एवढंच करते की फळ्याच्या भिंतीवर चालू घटकाचा एकच तक्ता ठेवते. बाकीचं मागच्या भिंतीवर, मुलांच्या पाठीशी. पाढ्यांचा तक्ता तीन वर्षं एकाच जागी असेल तर तो कोणाला दिसतच नाही, तसाच तो रंग उडालेला सुविचारही.

बाकं हलवायचा हट्ट

व्हिडिओत गोल टेबलं बघून आपण लोखंडी बाकं ओढायला लागतो. खालच्या मजल्यावरचे सर वर येतात, तास संपतो. त्यापेक्षा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांना जागेवरच मागे वळून बसायला सांगा. दोन बाकांचा एक गट झाला, काहीही न सरकवता. फळ्याकडे बघायचं असेल तेव्हा परत वळायचं.

जागा आठवड्याला बदला, पण ज्यांना पुढेच बसायला हवं त्यांची नावं वेगळी ठेवा. सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा एक मुलगा मी महिनाभर कॉपी करणारा समजले होते. त्याला चष्मा लागला होता.

मॉनिटर नावाचा पोलीस

बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर, ही प्रथा आपल्या लहानपणापासूनची. माझ्या वर्गात सलग तीन दिवस एकाच मुलीचं नाव आलं. खोदून विचारलं तर कळलं, तिनं मॉनिटरला डब्यातला शंकरपाळा दिला नव्हता. नावं लिहिणं बंद करून मी कामं वाटली: तारीख आणि पट लिहिणारा, खिडक्या-पंखे बघणारी, बाटल्यांचा क्रेट सांभाळणारा, गैरहजर मुलांसाठी गृहपाठ उतरवून ठेवणारी. हे शेवटचं काम फार उपयोगी. आजारी मूल परत आलं की आधी तिच्याकडे जातं.

पुण्याचा पाऊस, पालखी आणि खोलीचे दोन मालक

घडी बसवायचे दिवस आणि रेनकोटचे दिवस एकच. ओला रेनकोट दप्तरात कोंबला की पुस्तकाचा लगदा. व्हरांड्यात दोरी, दाराशी गोणपाट, छत्र्यांना बादली, आणि वर्गात यायच्या आधी दोन मिनिटं त्यासाठी राखलेली. पालखी मुक्कामाला येते तेव्हा रस्ते बंद, निम्मे बाक रिकामे. गणपतीत अर्धे दिवस. अशा मोडक्या दिवसांसाठी चार तासिकांचं वेगळं वेळापत्रक फळ्यामागे लावून ठेवा, नाहीतर तो सगळा दिवस "बसा रे गप्प" करण्यात जातो. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचही तालमी पहिल्यापासून. मुलं विसरतातच.

दोन अधिवेशनांच्या, म्हणजे सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत खोली आपली नसते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं २०२४ मध्ये ठरल्यापासून आमच्याकडे वेळांची फेरजुळणी झाली आणि आता सकाळी माझ्या खोलीत नववी बसते. ठेवलेलं सामान जागेवर सापडेल ही आशा सोडा. बोहरी आळीतून झाकणाची एक मोठी पेटी आणा, बरणी, बिल्ले, वाचनपुस्तकं सगळं तिच्यात, घरी जाताना कपाटात.

एवढं करूनही बिघडलं तर

कोणाचं बिघडतंय ते आधी बघा. सगळ्या वर्गाचं बिघडत असेल तर रीतच चुकली, बहुधा पायऱ्या जास्त झाल्या. एक कमी करा. चार-पाच जणांचंच असेल तर ती कुठे बसतात ते बघा, सूचना त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल. एकाचंच असेल तर वर्गासमोर काही बोलू नका. मधल्या सुट्टीत जवळ बसवून सकाळी काय खाल्लंस, रात्री किती वाजता झोपलास, एवढं विचारा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

त्या नवीन बाईंनीही परवा खिडकीला शार्पनर बांधला. आठवड्यात गेला. त्या हिरमुसल्या, तेव्हा त्यांना सांगितलं की माझा दर महिन्याला जातो. सुतळी मात्र जूनपासून तीच आहे.