दारूने गेलेल्या आपल्या माणसाची आठवण कशी जपावी

पंचगंगेच्या स्मशानभूमीत रक्षाविसर्जनाच्या दिवशी मृताच्या आवडीचे पदार्थ मांडण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि दारूने गेलेल्या माणसाच्या घरी हाच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. माझे थोरले चुलते आण्णा गेले तेव्हा कुणीतरी प्रेमापोटीच पानाशेजारी बाटली ठेवली. काकींनी ती मुकाट्याने उचलली आणि तिच्या जागी गुळाचा खडा ठेवला. माझे मतही तेच आहे, कारण शेवटच्या वर्षांत दारू ही आण्णांची आवड उरली नव्हती, ती त्यांच्या शरीराची सक्ती झाली होती. पितृपक्षातही पान वाढताना व्यसनापूर्वीची आवड आठवून वाढावी.

ती आवड आठवत नसेल तर विचारावी. घरच्यांच्या डोळ्यांपुढे शेवटची वर्षेच येतात, म्हणून तालमीतले जोडीदार, कामावरचे सोबती, माहेरवाशिणी यांना मुद्दाम भेटून त्यांचे बोलणे वहीत उतरवावे, आणि जुन्या फोटोंच्या मागे नावे व साल पेन्सिलीने लिहावे. आण्णा गुऱ्हाळावर गुळव्या होते. चुलवाणात चिपाडे घालणाऱ्या म्हाताऱ्या सोबत्याने मला सांगितले की, उकळत्या रसात भेंडीचे पाणी घालून मळी काढण्यापासून ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहण्यापर्यंत आण्णा एक शब्द बोलत नसत, आणि काहील उतरवण्याची त्यांची खूण कधी चुकली नाही. दारू पिऊन पडलेल्या आण्णांपलीकडचे हे आण्णा मला त्या दिवशी प्रथम भेटले.

मात्र त्याच वहीत दारूची वर्षेही लिहावीत. ती वगळली की आठवण खोटी होते आणि ज्यांनी सोसले त्यांच्यावर अन्याय होतो. काकींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हेही आमच्या वहीत आहे. लिहिताना आजाराची माहिती करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना दारूच्या अवलंबित्वाची गणना आजारांत करते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झटके येऊ शकतात, आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रमाची जीवघेणी अवस्थाही येऊ शकते. म्हणून दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. आण्णांचा सकाळचा कंप आम्ही नाटक समजलो, याचे दुःख मला आजही आहे. तरीही आजार समजला म्हणून घरातल्या प्रत्येकाने क्षमा करावीच, असा आग्रह धरू नये. मुलाला बापाचा राग येत असेल, तर त्याचा राग आणि आपली माया एकाच घरात नांदू द्यावी.

लहान मुलांपासून हे लपवू नये. ‘आजोबांना दारूचा आजार होता, तो वाढत गेला आणि त्यात ते गेले’ एवढे सातआठ वर्षांच्या मुलाला पुरते. वयात येणाऱ्या मुलांना मात्र स्पष्ट सांगावे की या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो, म्हणून आपल्या घरातील माणसाने पहिल्या पेल्यापासूनच जपावे.

‘मी अडवले असते तर’ हा विचार रात्री सोडत नाही, त्यासाठी बोलायला माणूस हवे. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 1951 साली सुरू झालेल्या अल-अ‍ॅनॉनमध्ये नातेवाईक एकमेकांना हेच समजावतात की, हा आजार आपण लावला नाही आणि तो बरा करणेही आपल्या हाती नव्हते. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. घरात आज कुणी पीत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी त्याच्या उपचारांची सोय पाहावी.

वर्षातून एकदा तिथीव्यतिरिक्तही एक दिवस ठरवावा, आणि तो त्या माणसाच्या कामाशी किंवा छंदाशी जोडलेला असावा. आम्ही गळीत हंगामात मुलांना घेऊन त्याच गुऱ्हाळावर जातो. काकी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून नातवाच्या हाती गोळी देतात आणि ती दाबून पाहायला सांगतात.