गच्चीतली मिरची का रुसली होती

इंदिरानगरच्या आमच्या गच्चीत सहा कुंड्यांत मिरची लावली. महिना झाला तरी रोपं वीतभरच, खालची पानं पिवळी. मी खत वाढवलं. तीच चूक.

शेवटी एक रोप कुंडीतून उपसलं. माती दिंडोरीच्या मळ्यातली, काळीभोर. शेतात सोनं, कुंडीत चिखल! तळाचं भोक बुजलेलं, मुळं तपकिरी, बोटांनी चोळली की साल सुटायची, वर कुबट वास. म्हणजे उपाशी नव्हती, पाण्यात गुदमरत होती. भोकं मोकळी केली, निम्मी काळी माती काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. आता बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

दोन रोपांचे शेंडे मात्र द्रोणासारखे वर वळलेले. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला, तर बारीक पिवळट ठिपके चालू लागले. फुलकिडे! (पानं खाली वळली असती तर कोळी कीड शोधली असती.) लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण, संध्याकाळी फवारलं, पानांच्या खालूनही, आठवड्याने पुन्हा. वळलेली पानं सरळ झाली नाहीत. नवी मात्र सपाट आली. एक रोप गेलंच, पाच फुलावर आहेत.