होया वाढतच नाही? आधी कुंडीची जागा बदला

होया या शोभेच्या वेलीबद्दलची नेहमीची तक्रार एकच: मरत नाही, पण वाढतही नाही. सहा-सहा महिने तीच चार जाड, चकचकीत पानं. मग लोक खत घालतात, मोठी कुंडी आणतात, पाणी वाढवतात, आणि या तिन्ही उपायांनी ती आणखीच बसते. तिला बहुतेक वेळा हवा असतो उजेड.

त्याआधी एक तपासणी. हृदयाच्या आकाराचं एकच पान छोट्या कुंडीत खोचून विकतात, ती होया केरी. माती जराशी सारून बघा. खाली खोडाचा पेरासकट तुकडा असेल तर आशा आहे. नुसता देठच असेल तर ते पान मुळं धरेल, वर्षानुवर्षं हिरवंही राहील, पण वेल येणार नाही, कारण फुटवा पेराच्या डोळ्यातूनच येतो. शोभेला ठेवा आणि नाद सोडा. जातीचाही भाग असतो. कार्नोसा, प्युबिकॅलिक्स भराभर वाढतात. केरी आणि पीळदार पानांची कॉम्पॅक्टा मुळातच संथ. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या पानांत हरितद्रव्य कमी, त्यामुळे त्या जाती आणखी सावकाश.

उजेड

‘इनडोअर’ म्हणून विकली जाते, म्हणून घरात टीव्हीशेजारी जाते. तिथेच घोडं अडतं. होया जंगलात झाडांवर चढून राहणारी वेल आहे. आपल्या सह्याद्रीतही होया वाइटी अशीच झाडांच्या आधाराने वाढते. फांद्यांमधून गाळून आलेला, पण भरपूर उजेड तिला सवयीचा. जागा पारखायची सोपी रीत: दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. पाचही बोटं सावलीत ओळखू आली तर जागा चांगली. नुसता धुरकट डाग दिसला तर उजेड अपुरा.

पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या ग्रीलमध्ये मार्च ते मे शेडनेट लावा, नाहीतर पानं भाजतात. अंधाऱ्या कोपऱ्यातून एकदम उन्हात नेऊ नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. तशी खिडकीच नसेल तर फूटभर अंतरावर एलईडी ग्रो लाइट, रोज १२ तास. टायमर लावा, आपण विसरतोच.

मुळं आणि पाणी

नर्सरीतली चिकट लाल माती तिच्या मुळांना गुदमरवते. नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) १ भाग, कोकोपीट १ भाग, मूठभर गांडूळखत आणि हाताशी असले तर कोळशाचे खडे, एवढं पुरतं. सोडणाचे तुकडे आधी रात्रभर भिजवून दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर इंचभर मोठी घ्या. मोठ्या कुंडीत ओल साचून राहते आणि मुळं कुजतात. कुंडी बदलायची तर थंडी सरल्यावर. आणि मुळं कुंडीच्या भोकांतून बाहेर डोकावत नसतील, माती भुसभुशीत असेल, तर मुळीच बदलू नका.

पाण्याचं वेळापत्रक करू नका. एखादं जुनं पान हलकेच वाकवून बघा. ताठ असेल तर थांबा. मऊ पडून वाकलं तर खालून पाणी वाहेपर्यंत घाला. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवा. मुंबई-कोकणात दमटपणाची चिंता नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कोवळी टोकं वाळतात, तेव्हा इतर कुंड्यांच्या गर्दीत ठेवा.

खत शेवटी, आणि नवी पानं दिसू लागल्यावरच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. थंडीत बंद.

ती बिनपानांची दोरी

उजेड मिळाला की काही आठवड्यांत एखादा शेंडा लांबच लांब सुटतो, त्याला पानं नसतात. ‘वाळकी काडी’ समजून कापू नका. होया आधी आधार शोधते, पानं मागाहून येतात. पेरांवर हिरवे ठिपके दिसतात, ती पुढची पानं. तारेची गोल कडी किंवा बांबूची काठी रोवून शेंडा सैल दोऱ्याने वर वळवा. वर चढणारा शेंडा लोंबत्यापेक्षा जोमाने वाढतो. फुलं गळल्यावर राहिलेला आखूड दांडाही ठेवा, बऱ्याच जातींत पुढचा बहर त्याच दांड्यावर येतो.

हे सगळं करूनही नवी टोकं वाकडी निघत असतील तर पानांच्या बगला भिंगाने पाहा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा, आणि तोवर कुंडी इतरांपासून लांब ठेवा.