जुनी पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा, बोनेट नंतर उघडा

लाख-दीड लाखाच्या आतबाहेर पिकअप मिळती का असं लै जण विचारतात. मिळती की, सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात आणि कराड-सातारा बाजूला ढिगानं मिळत्यात, पण त्यातली कुठली जगवण्यासारखी आणि कुठली भंगारात घालायची हे ओळखता आलं पाहिजे. माझं सरळ मत, स्वस्तातली गाडी इंजिन बघून घ्यायची नसती, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि कागद बघून घ्यायची. इंजिन गेलं तर बोअर किट (पिस्टन, रिंगा, लायनर) टाकता येतंय, हेडचं काम होतंय, गिअरबॉक्स उतरवता येतोय, पण चासी कुजलेली नायतर आरसीचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा, घोळ असला तर वर कितीबी पैसा ओता, काय उपयोग नाही.

गाडी शक्यतो टाटा 207 डीआय बघा नायतर बोलेरो पिकअप जुन्या डीआय इंजिनची. 207 चं 2956 सीसी, महिंद्राचं 2523 सीसी, दोन्ही साधी इंजिनं, तालुक्याच्या गावातला मिस्त्री सुद्धा खोलतोय आणि पार्ट शोधत हिंडावं लागत नाही. कॉमन रेलवाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरची, जुनी गाडी स्वस्त मिळाली तर इंजेक्टरची किंमत आधी विचारून घ्या, मग ती स्वस्त वाटते का बघा.

आता चासी. सोबत टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी न्या, जुने कपडे घाला आणि खाली झोपा, लाज वाटून घेऊ नका. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगचे) हँगर जिथं चासीला बसतात तिथं आणि केबिनच्या बरोबर मागं हौदा, म्हणजे माल भरायची जागा, सुरू होतो तिथं, या दोन जागांवर वेळ घालवा कारण ओव्हरलोड झालेली गाडी तिथंच फाटती. हातोडीनं हळू ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला की तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, पापुद्रा सुटतोय का, आत जातोय का. ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली तर जास्तच घासून बघा. चासीला जोड म्हणून प्लेट मारलेली आहे म्हणून लगेच गाडी सोडायची नाही, नीट बोल्ट मारून बसवलेली असली तर चालतंय, पण प्लेटच्या टोकाला चासीच्या काठावर आडवं-उभं वेल्डिंग ओढलं असंल तर पुढची चीर तिथनंच निघणार. मागं जादा पाटा टाकलाय आणि हौद्याच्या फळ्या उंच केल्यात म्हणजे वीट, वाळू नायतर ऊस वाहिलेली गाडी, मालक काय का सांगंना.

द्राक्षपट्ट्यातली, म्हणजे तासगाव-पलूस बाजूची गाडी बऱ्याचदा कमी पळालेली असती, रंग पण बरा असतोय, पण हौद्यात काय वाहिलंय ते विचारा. बागेवर फवारायचं बोर्डोचं मिश्रण आणि मोरचूदाचं पाणी हौद्यात सांडत असलं तर पत्रा आतनं खातंय, खताच्या पोत्यांनी पण तेच होतंय. हौद्यातलं मॅटिंग उचलायला लावा. नुसता पत्रा गेला असंल तर घाबरायचं कारण नाही, नवीन पत्रा मारता येतो, फक्त त्याखालचे आडवे चॅनल शाबूत पाहिजेत.

आणि पुराची गाडी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, 2021 च्या जुलैमध्ये परत पूर आला, त्यात बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून अजून बाजारात फिरत्यात. सीटखालचा पत्रा, हेडलाइटच्या काचेच्या आतली बाजू, चासीच्या भोकातनं बोट घातल्यावर हाताला लागणारा बारीक गाळ, डॅशबोर्डखाली वायरच्या जोडाला आलेला हिरवा गंज, हे बघा. मग डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गोळ्याचा) फिलर बोल्ट उघडायला लावा, आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. गाडी पुरातली निघाली आणि वायरिंगसकट सगळंच काम असंल तर मी तरी नाही घेत, फुकटच्या जवळ मिळाली तर गोष्ट वेगळी.

इंजिन सकाळी थंड असतानाच बघायचं, "तुम्ही याच्या आधी चालू करू नका" असं मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि गेल्यावर आधी बोनेटला हात लावा, गरम लागला तर परत कधीतरी या. चालू झाल्यावर ऑइल ओतायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवा, ते थोडं थरथरलं तर चालतंय, उडून पडलं आणि खालनं भसाभसा धूर यायला लागला तर रिंगा-बोअर गेलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असला तर आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि पंप बघा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावर पण थांबत नसंल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असंल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. यातलं काहीही निघालं म्हणून गाडी नाकारायची नाही, कामाचा अंदाज ओळखीच्या मिस्त्रीकडनं घ्यायचा आणि तेवढे पैसे किमतीतनं तोडायचे.

ट्रायल रिकामी घेऊ नका, रिकाम्या सगळ्याच पळत्यात. चार पोती टाका, साताऱ्याकडं असाल तर यवतेश्वरचा घाट आहेच, सांगलीत चढ शोधावा लागतोय, दंडोबाचा रस्ता बरा. चढाला क्लच घसरतोय का, उताराला ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर बाहेर येतोय का, मागनं डिफरन्शियलच्या हौसिंगमधनं हुंकार येतोय का, हे ऐका, टेप बंद ठेवून.

कागदाचं आता, आणि इथं घाई नको. गाडी कमर्शिअल असती, त्यामुळं 8 वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (फिटनेसची तपासणी) लागतंय आणि पर्यावरण कर पण. 15 वर्षांच्या वरच्या गाडीची पासिंगची फी बरीच वाढलीय, ती धरूनच हिशोब मांडा. पासिंग, इन्शुरन्स, टॅक्स कधी संपलेत ते एम परिवहन ॲपवर आणि वाहन पोर्टलवर बघा, ई-चलन वेगळं बघा. फायनान्सचा बोजा आरसीवर असंल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय विसार सुद्धा देऊ नका. मूळ मालक वारलेला असंल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म 31. नुसत्या स्टँप पेपरवर तीन हात फिरलेली गाडी असती ना, तिथं आरसीवरचा माणूस समोर येऊन ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करतोय का एवढंच विचारा, नाही म्हटलं की चहा पिऊन निघा. चासी नंबरवर रॉकेल लावून घासा, कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढा, आरसीशी जुळवा, ही छाप ट्रान्सफरला पण लागती. मिरज-जत बाजूला केए पासिंगच्या, म्हणजे कर्नाटकात नोंदलेल्या, गाड्या स्वस्त दिसतात, त्यात फॉर्म 28 ची एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर हा खर्च धरा. एक चांगली गोष्ट, आरसीवरचं एकूण वजन 3000 किलोच्या आत असंल तर परमिट लागत नाही. आणि दहा वर्षांची डिझेल गाडी बंद म्हणून जे ऐकता ते दिल्लीकडचं, आपल्याकडचं नव्हं.

घेतल्यावर पैसे कुठं घालायचे? पहिलं ब्रेक, चारी चाकांचे ब्रेक उघडा, व्हील सिलेंडर, होस, ब्रेक ऑइल नवीन. मग टायर आणि टाय रॉड एंड. मग रेडिएटर, कारण आपल्याकडं बोअरवेलचं पाणी ओतून ओतून तो चुन्यानं भरलेला असतोय, साफ करून कूलंट टाका. डिझेलची टाकी उतरवून धुवा, नायतर नवा फिल्टर आठवड्यात चोक. रंग, टेप, मागच्या फळीवरचं नाव हे सगळं शेवटी. बोअर किट टाकलं असंल तर सुरुवातीला हलका माल भरा, ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला आणि काढलेलं ऑइल ट्रेमध्ये ओतून त्यात लोहचुंबक फिरवून बघा, कण जास्त आले तर गाडी परत मिस्त्रीकडं.