जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: कोणतं निवडावं, कसं टाकावं

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर जवळजवळ सगळेच नाकारतं. मग २०१२च्या सुमाराचा, हातपाय धड असलेला कोअर आय३ लॅपटॉप कपाटात जाऊन बसतो. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, चालतं हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गाडी अडते ती निवडीपाशी. मिंट, झुबुंटू, एमएक्स, अँटिएक्स, पपी अशी लिनक्सच्या प्रकारांची नावं वाचत बसण्यात दोन संध्याकाळी जातात. ती आधी बाजूला ठेवा आणि मशीनचे दोन आकडे बघा.

बिट आणि रॅम

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे बसवलेली रॅम दिसते आणि 'सिस्टिम टाइप'समोर प्रोसेसरचा प्रकार. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलं असेल, तर मशीन ६४ बिटचंच आहे. कुणीतरी त्यावर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं आहे एवढंच. कोअर २ ड्युओ आणि त्यापुढचे सगळे ६४ बिटचे. खरे ३२ बिटवाले म्हणजे सुरुवातीचे पेंटियम ४ किंवा छोट्या नेटबुकातला अ‍ॅटम एन२७०.

मग टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'मेमरी'वर क्लिक करा. 'स्लॉट्स युज्ड १ ऑफ २' दिसलं, तर एक जागा रिकामी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खादाड ब्राउझर असतो

नुसता डेस्कटॉप उघडल्यावर अँटिएक्स साधारण २०० ते ३०० एमबी रॅम घेतं, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ७००-८०० एमबीच्या आसपास आणि सिनॅमन हा जरा जड डेस्कटॉप १ जीबीच्या थोडं वर. म्हणजे अगदी हलकी सिस्टिम शोधून वाचते ती पाऊण जीबी. उलट ब्राउझरमध्ये मेल, यूट्यूब, बँक आणि दोन बातम्यांचे टॅब उघडले की दीड-दोन जीबी सहज उडते, मग खाली कोणतंही लिनक्स असो. 'सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं' या प्रश्नामागे म्हणूनच फार धावू नये.

त्यावरून निवड अशी होते. ८ जीबी असेल तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. २ जीबीवर एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती चालते. टॅब मात्र दोन-तीनच. १ जीबी किंवा ३२ बिट असेल तर ३२ बिटचं अँटिएक्स किंवा डेबियन १२ घ्या, आणि त्या मशीनकडून टायपिंग, गाणी, जुन्या फाइली एवढीच अपेक्षा ठेवा. ३२ बिटची वाट झपाट्याने बंद होते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२चे सुरक्षा अपडेट जून २०२८पर्यंत आहेत. क्रोमने ३२ बिटचं लिनक्स २०१६मध्येच सोडलं आणि फायरफॉक्सनेही १४४व्या आवृत्तीनंतर हात काढून घेतला.

मिंटच का? २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. झुबुंटू आणि लुबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना तीनच वर्षं मिळतात. शिवाय मेन्यू विंडोजसारखा डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा शिकवावं लागत नाही. कोअर २ ड्युओवाल्यांनी अल्मा आणि रॉकी या लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. ९व्या आवृत्तीपासून त्यांना लागणारे काही प्रोसेसरचे आदेश त्या जुन्या चिपमध्ये नाहीत. हायकू ही लिनक्स नसलेली वेगळी सिस्टिम गमतीने बघायला छान आहे. विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारं रिअ‍ॅक्टओएस अजून अल्फा, म्हणजे कच्च्या चाचणीच्या अवस्थेत आहे, रोजच्या कामाला धरू नका.

टाकू नये असं कधी

टॅलीवर हिशेब, श्रीलिपी आणि पेजमेकरवर डीटीपी होत असेल, तर त्या मशीनवरचं विंडोज पुसू नका. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर आपणहून ओळखले जातात.

पैसे कुठे घालावेत

जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्डडिस्कमुळे. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घातली की चालू व्हायला लागणारी दोन-तीन मिनिटं अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतात. बहुतेक एसएसडी ७ मिलिमीटर जाडीच्या असतात, जुन्या खाचा साडेनऊच्या. हलत असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावा. रिकाम्या जागेत बसवायला रॅम घेताना १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल यांत गफलत होते. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला डीडीआर३एलच लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ती सहसा चालून जाते. म्हणून डीडीआर३च्या जमान्यातल्या लॅपटॉपसाठी पट्टीवर 'पीसी३एल' छापलेलीच मागा.

पेनड्राइव्ह तयार करणं

आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा. मग मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टिम असलेली एकच फाइल, उतरवा. ती ३ जीबीच्या आसपास असते, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉल मधेच कुठेतरी मरतं आणि कारण कळत नाही. म्हणून सेव्हन-झिप (फाइली दाबण्या-उघडण्याचा प्रोग्राम) असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६चा आकडा, म्हणजे फाइलचा ठसा, काढा आणि साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा; पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी पुरे.

आयएसओ पेनड्राइव्हवर चढवणारा रूफस हा प्रोग्राम उघडा, पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा. मशीन चालू होताना आधी चालणारी बायोस ही व्यवस्था जुनी 'लेगसी' असेल तर पार्टिशनचा प्रकार एमबीआर, नवी युइएफआय असेल तर जीपीटी घ्या. कोणतं आहे ते विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर दिसतं. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२च, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं.

पुसण्याआधी तासभर वापरा

पेनड्राइव्हवरूनच मिंट पूर्ण चालतं, डिस्कला हात न लावता. ही पायरी गाळू नका. वाय-फाय, आवाज, वेबकॅम आणि ब्राइटनेसची बटणं बघा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का ते बघा. 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप उघडून स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा: 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर काउंट' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर त्या डिस्कवर काहीही टाकण्यात अर्थ नाही.

सुरू होतानाच स्क्रीन काळी पडली तर पुन्हा चालू करून पहिल्या मेन्यूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा; जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हे हमखास लागतं. वाय-फाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची, उदाहरणार्थ बीसीएम ४३१४२. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, लगेच इंटरनेट येतं. इन्स्टॉल झाल्यावर त्याच इंटरनेटवरून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घ्या.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट'वर डबल क्लिक करा. मेन्यूची भाषा मराठी घेता येते, पण सुरुवातीला इंग्रजी ठेवलेली सोयीची; काही अडलं तर एरर जशीच्या तशी शोधता येते. 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकटीत टिक करा. पुढचा प्रश्न महत्त्वाचा. 'इरेज डिस्क' म्हणजे पूर्ण डिस्क साफ, 'अलाँगसाइड' म्हणजे विंडोज शेजारी राहणार. दुसरा पर्याय घेणार असाल तर त्याआधी विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) बंद करा, नाहीतर लिनक्सला ती जागा कुलूपबंद दिसते. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड 'रेड'वर असतो. तो 'एएचसीआय' करा. विंडोज ठेवायचं असेल तर मात्र हा बदल थेट करू नका, विंडोज उघडायचं थांबतं. वेळेसाठी कोलकाता निवडा. एसएसडीवर बहुधा अर्ध्या तासात काम होतं.

नंतर

'अपडेट मॅनेजर' एकदा पूर्ण चालवा आणि 'टाइमशिफ्ट'मध्ये पहिला स्नॅपशॉट, म्हणजे काही बिघडलं तर परत जाता येईल अशी सिस्टिमची प्रत, घ्या. ४ जीबीवाल्यांनी झेडरॅम ही लिनक्समधली सोय चालू करावी. ते रॅममधला मजकूर दाबून ठेवतं, त्यामुळे दोन-चार टॅब जास्त निभतात. यूट्यूब अडखळत असेल तर दोष बहुधा व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारांचा. जुन्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ हा जुना व्हिडिओ प्रकारच मागणारं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका आणि ७२०पीवर बघा.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जच्या 'लेआउट'मध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट येत नसेल तर 'कागपा, फोनेटिक' घ्या. त्यात के दाबलं की क उमटतो.

दोन सिस्टिम ठेवल्या असतील तर कधी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. पण तारीखच काही वर्षं मागची दिसत असेल आणि प्रत्येक साइट 'सर्टिफिकेट' म्हणून अडवत असेल, तर लिनक्सला दोष देऊ नका. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. घड्याळाच्या दुकानात मिळते.