बेसिक कोर्सला निघालेल्या कॅडेटसाठी: उत्तरकाशीचे अठ्ठावीस दिवस

अकरावीत असताना एनसीसीच्या सीनियर डिव्हिजनमधून माझी बेसिक माउंटेनियरिंग कोर्ससाठी निवड झाली आणि २०१९ च्या मे महिन्यात मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'निम'मध्ये, दाखल झालो. १९६५ साली स्थापन झालेल्या या संस्थेप्रमाणेच दार्जिलिंग, मनाली आणि पहलगाम येथील संस्थांतही कॅडेटांना पाठवले जाते. नाव पुढे जाते ते आपल्या एएनओंमार्फत, म्हणजे कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षक-अधिकाऱ्यांमार्फत, बटालियनकडे. त्यामुळे आपली इच्छा त्यांच्या कानावर लवकर घालावी, वयाची अट त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र व पालकांचे संमतिपत्र तयार ठेवावे.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मुलाला वाटते की आपली तयारी झालेलीच आहे. मलाही तसेच वाटले होते. पण राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे, तर डोक्रियानी बामक या हिमनदीजवळचा आमचा बेस कॅम्प पावणेचार हजार मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच होता, आणि तेथे दिवसभर चढून संध्याकाळी घरी परतायचे नसते, तर रात्री झोपायचे असते. सह्याद्री पायांना ताकद आणि उतरणीवरचा तोल देतो. विरळ हवेची सवय मात्र तो देऊ शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे सॅकमध्ये आठ किलोपासून सुरुवात करून पंधरा किलोपर्यंत वजन वाढवत जिने चढावेत आणि तितक्याच काळजीने उतरावेत, कारण गुडघे दुखतात ते उतरताना.

पहिला आठवडा टेखला येथील खडकांवर जातो. फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच या गाठी घरूनच इतक्या घोटून जाव्यात की डोळे मिटूनही त्या बसतील. रॅपलिंगची, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याची, भीती दोन दिवसांत ओसरते. बूट, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे अणकुचीदार काटे), आइस अ‍ॅक्स, स्लीपिंग बॅग संस्थेकडूनच मिळते. बूट घेताना दोन मोजे घालून आणि उतारावर उभे राहून पाहावे, अंगठा पुढे टेकत असेल तर संकोच न करता बदलून मागावेत आणि पायांची नखे कापलेली ठेवावीत. माझ्या रोपमधील, म्हणजे सहा जणांच्या गटातील, एका मुलाने घट्ट बूट मुकाट्याने घेतले होते आणि भुक्की गावाहून तेल कॅम्प व गुज्जर हटमार्गे बेस कॅम्पला पोहोचेपर्यंत त्याच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या.

मुकाट्याने सोसण्याची ही सवय मोडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहितो. परेड मैदानावर आपल्याला शिकवले जाते की घाम पुसू नये, हलू नये, तक्रार करू नये. या शिकवणीबद्दल मला आजही आदर आहे. परंतु उंचीवर तीच सवय जिवावर बेतू शकते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. आमच्या बेस कॅम्पच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे ही त्याची पहिली लक्षणे असतात. ती दडवून आणखी वर गेल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू शकते, आणि तेव्हा खाली उतरण्याची सोय वेळेत झाली नाही तर माणूस दगावतो. यात तगडेपणाचा संबंध नाही. आमच्यातला सर्वांत वेगवान धावपटूही आजारी पडला होता.

बेस कॅम्पवरच्या दुसऱ्या रात्री माझे डोके ठणकत होते. मी जेवलो नाही आणि पोट भरल्याचे सांगितले. पहाटे उलटी झाली, तीही मी बर्फाखाली झाकली. शेजारी झोपणाऱ्या मित्राने ते पाहिले होते. त्याने मला न विचारता उस्तादांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, सांगितले आणि तासाभरात मला एका सोबत्यासह खालच्या कॅम्पवर पाठवण्यात आले. दोन दिवसांचा बर्फावरचा सराव बुडाला, मित्रावर मी फार रागावलो, आणि खाली पोहोचून संध्याकाळी दोन वाट्या खिचडी खाल्ल्यावर त्या रागाची लाज वाटली. परत वर गेलो तेव्हा उस्तादांनी फक्त एवढेच विचारले की रोप कशासाठी बांधतात. उत्तर त्यांना अपेक्षित नव्हते.

हिमनदीवर क्रॅम्पॉन घालून पाय फाकवून चालणे, आइस अ‍ॅक्सने पायऱ्या खोदणे आणि घसरलो तर पोटावर वळून अ‍ॅक्स रोवत स्वतःला थांबवणे, हे शेकडो वेळा करून घेतले जाते. गॉगल क्षणभरही काढू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो आणि डोळे सुजतात. दिवसाला चार लिटर पाणी प्यावे, तहान लागो वा न लागो.

पालकांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगावी. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच परिसरातील ५,६७० मीटर उंचीच्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर निमच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमप्रपातात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. बेसिक कोर्समध्ये आपण शिखरावर जात नाही, तरी पर्वत तोच असतो.

उंची गाठण्याच्या, म्हणजे कोर्समधील सर्वांत उंच ठिकाणापर्यंत चढण्याच्या, दिवशी पहाटे आमच्या रोप लीडरने निघण्यापूर्वी प्रत्येकाला झोप, जेवण आणि डोके या तिन्हींविषयी विचारले. दोघांनी डोके जड असल्याचे सांगितले, त्यांपैकी एक तो मित्र होता. उस्तादांनी त्यांना कॅम्पवर थांबवले, आणि आम्ही चौघे त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवून वर निघालो.